दोघांच्या तळहातावर

मार्चमध्ये एका मंगळवारी पत्र आलं. माझा नवरा समीर याला कोर्टाने दिवाळखोर ठरवलं होतं, आणि इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतलं आमचं घर विकून त्याची देणी फेडायचं काम ट्रस्टी म्हणून नेमलेल्या माणसाकडे गेलं होतं. समीरने पत्र वाचून टेबलावर ठेवलं. मग मी वाचलं. आईंनी विचारलं, "काय लिहिलंय?" मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गॅस बंद केला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. कॉव्हेंट्रीतल्या मराठी मुलांनी त्यांचं नाव 'दिलं आजी' ठेवलं होतं. कुणाला काहीही देताना त्या वस्तू दोन्ही हातांनी पुढे करायच्या, घेणाऱ्याच्या हातात ती नीट गेली की आपले हात मागे घ्यायच्या आणि म्हणायच्या, "दिलं." लाडू असो, लोकरीची टोपी असो, नाहीतर गणपतीत वाटायची खिरापत. मुलं रांगेत उभी राहून त्यांच्या आधीच ओरडायची, "दिलं!" मग आई थांबायच्या. "अरे, मी द्यायच्या आधी कसं दिलं? हात पुढे कर बघू." आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं व्हायचं, त्या शब्दासकट.

सांगलीच्या पोस्टात त्यांनी तीस वर्षं खिडकीवर काम केलं होतं. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र पेटीत टाकून लोक तासाभराने धावत यायचे, बाई, तेवढं पत्र काढून द्या हो. आई काढून द्यायच्या नाहीत. "पेटीत पडलं, की ज्याचं नाव वर लिहिलंय त्याचं ते," असं त्या सांगायच्या, आणि सांगताना आजही ती खिडकी समोर असल्यासारखा त्यांचा आवाज थोडा वर जायचा. कुणी फारच रडवेलं झालं तर त्याला बाकावर बसवून पाणी द्यायच्या. पत्र मात्र जायचं.

मी स्वभावाने वेगळी. दिलेली वस्तू माझ्या मनातून जात नाही. मी शाळेच्या लायब्ररीत काम करते. कुठलं पुस्तक कुणाकडे गेलंय आणि कधी परत यायचंय, हे लक्षात ठेवायचेच मला पैसे मिळतात. त्यामुळे शेजारच्या मॉरीनबाईंना आईंनी आपली काश्मिरी शाल दिली आणि पुढच्याच आठवड्यात ती शाल मॉरीनच्या कुत्र्याच्या गादीवर दिसली, तेव्हा मी घरी येऊन बरीच बडबड केली. आई मटार सोलत होत्या.

"कुत्रा म्हातारा झालाय गं. थंडी वाजत असेल त्याला."

"पण आई, तुमच्या लग्नातली शाल ती!"

"होती." एक शेंग सोलून झाली. "दिलेल्या वस्तूकडे असं वळून वळून बघू नये, मृदुला. तिला अवघडल्यासारखं होतं."

त्यांचा आणखी एक किस्सा आमच्या मंडळात बरेच दिवस फिरत होता. सांगलीहून आणलेलं स्टीलचं एक जाड बुडाचं पातेलं त्यांनी एकदा कोपऱ्यावरच्या, लोकांनी दान दिलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये नेऊन दिलं. महिनाभराने बासुंदी करायची वेळ आली आणि आईंना त्याची आठवण झाली. आम्ही दोघी दुकानात गेलो. पातेलं काचेत होतं, त्यावर दोन पाउंडांची चिठ्ठी. मी म्हटलं, सांगते मी त्यांना, हे तुमचंच आहे. तोवर आईंनी पर्स उघडली होती.

"कसं माझं? माझं असतं तर दोन पाउंड कशाला लागले असते?"

बासुंदी छान झाली. वाढताना त्या सगळ्यांना सांगत होत्या, "पातेलं नवीन आहे हो, आजच घेतलं."

मोठं काही द्यायचं असलं, की मात्र नुसत्या शब्दावर त्यांचं भागत नसे. मग देवापुढचं ताम्हण आणि पळी यायची. घेणाऱ्याने तळहात पुढे करायचा, त्यावर तुळशीचं पान ठेवायचं आणि पळीभर पाणी सोडायचं. ते हातावरून ताम्हणात उतरलं की देणं पुरं झालं. त्यांच्या माहेरी दान देताना असंच उदक सोडत. कॉव्हेंट्रीच्या हिवाळ्यात तुळस जगवणं सोपं नाही. आई ती कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायच्या, ऊन सरकेल तशी सरकवायच्या, आणि शेकडो मैलांवरून आलेल्या पाहुण्याची करावी तशी तिची चौकशी करायच्या.

हे उदक माझ्या तळहातावर एकदाच पडलं. त्याला आता सोळा वर्षं झाली.

सासरे गेल्यावर आई आमच्याकडे आल्या. तेव्हा म्हाताऱ्या आईवडिलांना इथे आणणं आजच्याइतकं अवघड नव्हतं. सांगलीचा फ्लॅट विकून आलेले पैसे आमच्या घराच्या डिपॉझिटसाठी, म्हणजे घर घेताना आधी भरायच्या रकमेसाठी द्यायचे, असं त्यांनी येण्याआधीच ठरवलं होतं. माझी नोकरी तेव्हा तात्पुरती होती. घरासाठी कर्ज मिळवून देणारा ब्रोकर म्हणाला, घर एकट्या समीरच्या नावावर घ्या, मॉर्टगेज लवकर होईल. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातलंच घर, नाव कुणाचं का असेना. आपल्याकडच्या किती घरांत हेच झालं असेल.

मग बँकेचा एक फॉर्म आला. कुणी डिपॉझिटसाठी पैसे देत असेल तर त्याने लिहून द्यायचं, की ही भेट आहे, हे पैसे मी परत मागणार नाही आणि या घरात माझा कुठलाही हक्क राहणार नाही. मला ते आईंना वाचून दाखवताना संकोच वाटला. मी भरभर वाचत होते. त्यांनी मला थांबवलं आणि एकेक वाक्य मराठीत सांगायला लावलं.

"बरोबर लिहिलंय की," ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या. "आपण पाण्याने करतो, हे कागदावर करतात. कुणाला देतेय ते कुठे लिहायचं?"

तिथे समीरचं नाव आधीच टाइप केलेलं होतं. आईंनी पेन मागितलं. त्या नावापुढे, पोस्टातल्या बाईच्या सरळ इंग्रजी अक्षरांत, त्यांनी माझं पूर्ण नाव लिहिलं. ब्रोकरला फोन केला तर तो म्हणाला, गरज नाही, कर्ज घेणाऱ्याचं एकट्याचं पुरे. समीरने तसं आईंना सांगितलं.

"त्याला गरज नसेल. देणारी मी आहे ना?"

"अगं आई, उगाच फॉर्म परत येईल."

"आला तर पुन्हा लिहीन."

फॉर्म परत आला नाही. त्या रविवारी आईंनी ताम्हण काढलं. समीर हात पुढे करून उभा होता. आई म्हणाल्या, "तू थांब. आधी तिचा." मी ओट्याशी भांडी घासत होते; हात पुसून पुढे केला. पाणी गार होतं. मग समीरच्या हातावर. त्यानंतर त्यांनी ते पाणी तुळशीत ओतलं आणि चहा टाकला.

आधी माझा हात का, हे मी पुष्कळ दिवसांनी विचारलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या बांगड्या विकून यांचं पहिलं घर झालं. घर भाऊजींच्या धंद्यात गेलं. बांगड्या कुणाच्या होत्या, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. मीही सांगितलं नाही." इतकंच. पुन्हा हा विषय त्यांनी काढला नाही.

त्या घरात आम्ही जवळजवळ बारा वर्षं राहिलो. समीर ऑफिसांना दुपारचे डबे पुरवायचा. धंदा बरा चालला होता. त्याने मोठं किचन भाड्याने घेतलं, दोन व्हॅन घेतल्या, आणि त्या सगळ्याला स्वतःची जामीनकी दिली. मग साथ आली, ऑफिसं बंद झाली, आणि परत उघडली तेव्हा माणसं घरूनच काम करायला लागली होती. डबे मागवायला कुणी उरलं नव्हतं. वर्षभर तो ओढत राहिला. त्यानंतर ते मंगळवारचं पत्र.

इथल्या कायद्याने दिवाळखोर माणसाचा घरातला वाटा त्याच्या घेणेकऱ्यांकडे जातो. पण त्याच घरात दुसऱ्या कुणाचा खरोखरीचा वाटा असेल, तर घर विकून येणाऱ्या पैशांतल्या त्या वाट्याला ते हात लावू शकत नाहीत, मग कागदावर नाव नसलं तरी. खरोखरीचा आहे, हे मात्र दाखवावं लागतं. ट्रस्टीच्या माणसांनी लिहिलं होतं की घर एकट्या समीरच्या नावावर आहे, तेव्हा मॉर्टगेज फिटून उरेल ते सगळं घेणेकऱ्यांचं. म्हणजे आम्ही तिघं निवारा मागायला कौन्सिलच्या, इथल्या नगरपालिकेच्या, दारात. आईंचं वय तेव्हा एकोणऐंशी.

आमच्या वकीलबाईंनी घर घेतानाची जुनी फाइल मिळवली. फॉर्म त्यात होता. त्या म्हणाल्या, माझं नाव हाताने लिहिलेलं आहे ही चांगली गोष्ट आहे, पण समोरचे म्हणतील, म्हातारीने सुनेचा मान ठेवला, बाकी काही नाही. देणारीच्या मनात काय होतं, ते देणारीनेच सांगायला हवं. आईंचा जबाब घ्यायचं ठरलं.

आदल्या दिवशी दुपारी समीर आईंच्या समोर येऊन बसला.

"आई, तू उद्या एवढंच म्हण, की घरात तुझाही वाटा ठेवायचं आपलं ठरलं होतं."

"ठरलं नव्हतं."

"अगं, पैसे तुझेच होते ना सगळे? मग तुला परत मिळाले तर त्यात खोटं काय?"

"आणि त्या कागदावर सही केली ती?"

"इंग्रजीत होता म्हण. कळला नाही म्हण. कोण विचारतंय?"

"मृदुलाने वाचून दाखवला होता. शब्द न शब्द कळला होता मला."

समीरने माझ्याकडे बघितलं. "मी पाणी सोडलंय, समीर," आई म्हणाल्या. तो उठला. "त्या पाण्याचं कोर्टाला काय करायचंय? रस्त्यावर राहिलो की बस मग ताम्हण घेऊन!" असं म्हणून बाहेर निघून गेला. आपल्या आईशी त्याला असं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे, जी मी समीरलाही उशिराच सांगितली. भांडी पुसताना मी आईंच्या शेजारी उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "आई, तो म्हणतोय ते अगदीच चूक नाही. तुमचेच तर पैसे होते."

त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तूसुद्धा?"

रागाने नाही म्हणाल्या. राग असता तर मी आजवर तो विसरले असते.

जबाब व्हिडिओवर झाला. भाषांतर मी करून चालणार नव्हतं, कारण वाटा माझा. मी शेजारच्या खोलीत बसले. दार उघडंच होतं. लंडनमधल्या ईलिंगची रिया नावाची एक मुलगी दुभाषी म्हणून नेमली होती. तिचा जन्म इथलाच, मराठी आजोळचं.

"आजी, वकील विचारते, तुम्हाला पैसा परत पाहिजे होता का?"

"नाही."

"म्हणजे नंतर कधीतरी? थोडासा पण?"

"नाही गं बाळ. दिलं ते दिलं."

"आता तर घर जातो आहे. आता तुम्हाला वाटते का, की तो पैसा माझा आहे?"

मी खुर्चीची कड धरली होती. त्या क्षणी आई 'हो' म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, हेही खरं आहे.

"वाटून काय उपयोग? माझा नाही तो."

"ओके. मग कोणाला दिला?"

"दोघांना. निम्मा तिला, निम्मा त्याला. आधी तिच्या हातावर पाणी सोडलं, मग त्याच्या."

"पाणी? पाणी का टाकला?"

"टाकलं नाही, सोडलं. थांब, दाखवते." आणि आईंनी खरंच ताम्हण आणलं. कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या डाव्या हातावर पळीभर पाणी सोडून दाखवलं. रिया म्हणाली, "ओ माय गॉड, आजी, माझी नानी करायची असं!" आणि मग बराच वेळ वकीलबाईंना इंग्रजीत समजावत राहिली. शेवटी तिने विचारलं, आधी सून का, मुलगा का नाही?

"तो माझ्या घरात जन्माला आला. ती आपलं घर सोडून आली. घर नव्हतं कुणाकडे?"

महिनाभराने ट्रस्टीच्या वकिलांनी माझा निम्मा वाटा मान्य केला. आमच्या वकीलबाईंनी फोनवर मला जे सांगितलं ते मी अजून मधूनमधून आठवते. म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंनी आपल्यासाठी एक पेनीही मागितली नाही, उलट मागता येणार नाही असंच सांगितलं. ज्या बाईने स्वतःच्या विरुद्ध एवढं खरं सांगितलं, ती सुनेबद्दल खोटं बोलतेय असं म्हणायला त्यांना जागाच उरली नाही. त्या 'नाही'मुळे हे 'दोघांना' टिकलं.

मी आईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. समीर जेवला का?"

घर विकलं गेलं. समीरचा निम्मा गेला, माझा राहिला. त्यात दोन खोल्यांचा एक फ्लॅट झाला. वरच्या मजल्यावर, स्टेशनच्या बाजूला. मॉर्टगेजशिवाय जेवढा झाला तेवढाच. किल्ल्या मिळाल्या त्या दिवशी मी ताम्हण-पळी आधी बाहेर काढली. तुळशीचं पान घेतलं आणि आईंना म्हटलं, हात पुढे करा. यातला निम्मा मी तुम्हाला देणार होते. वकीलबाईंना विचारूनही ठेवलं होतं.

आईंनी मूठ मिटली.

"हात ओला करू नकोस माझा. कणीक मळायचीय."

"आई, घ्या ना. माझ्यासाठी."

"मला एक खुर्ची दे खिडकीशी. तेवढी घेते."

खुर्ची मी दोन्ही हातांनी उचलून नेली आणि खिडकीशी ठेवली. "दिलं," मी म्हटलं. त्या बसल्या, आणि हसल्या.

त्या खुर्चीत त्या तीन वर्षं बसल्या. सकाळी गाड्या मोजायच्या, पावणेआठची उशिरा आली तर मला फोन करून सांगायच्या. समीर कामावरून आला की त्याच्याशी पहिल्यासारखंच बोलायच्या. त्या दुपारचा शब्दही त्यांच्या तोंडून कधी निघाला नाही. तोच एकदा त्यांच्या पायाशी बसून म्हणाला, "आई, मी त्या दिवशी फार वाईट बोललो." त्या म्हणाल्या, "कधी?" खरंच विसरल्या होत्या की नाही, ते आम्हाला कळलं नाही. मी मात्र माझं बोलणं त्यांच्यापाशी काढलं नाही. रोज वाटायचं, आज बोलू. त्या वाटीकडे बघितलं की शब्द मागे जायचे. गेल्या ऑक्टोबरात, सकाळच्या वेळी, त्या गेल्या. मी शाळेत होते.

मला आता त्यांच्याशी फार बोलावंसं वाटतं. कायद्याचं, घराचं काही नाही. पावणेआठची आज वेळेवर होती, मॉरीनचा कुत्रा गेला आणि तिने तो शालीत गुंडाळूनच पुरला, एवढंच. लायब्ररीत एखादं मूल पुस्तक न्यायला येतं तेव्हा मी ते दोन्ही हातांनी देते. शब्द ओठांवर येतो. पण पुस्तक परत यायचं असतं, म्हणून म्हणत नाही.

फ्लॅट माझ्या नावावर आहे. समीर एका गोदामात सकाळच्या पाळीला जातो. दोन पाउंडांच्या पातेल्यात रोज दूध तापतं. तुळस या हिवाळ्यात गेली, कुंडी ठेवली आहे. खुर्ची खिडकीशीच आहे, आणि तिच्यात अजून कुणी बसत नाही.